होंग सांग-सू खरंच एकच सिनेमा काढतो का?

होंग सांग-सूबद्दल कुठेही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक वाक्य भेटतंच: हा दिग्दर्शक वर्षानुवर्षं एकच सिनेमा काढतोय. कुणीतरी दिग्दर्शक नाहीतर प्राध्यापक, एखादं बाहेरगाव, एक बाई, टेबलावर सोजूच्या हिरव्या बाटल्या, दारूत तोंडातून निसटलेली वाक्यं आणि दुसऱ्या दिवशीची शरम. चाहते हे वाक्य कौतुकानं म्हणतात, न आवडणारे वैतागून म्हणतात. गंमत अशी की दोघांचं निरीक्षण एकच आहे, आणि दोघंही तिथेच थांबतात.

आता विचार करा. हे वाक्य खरं असेल तर होंगवर प्रबंध लिहायची गरजच नाही, एक परिच्छेद पुरेल. खोटं असेल तर ते खोटं आहे हे दाखवायला काहीतरी पद्धत लागेल. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांपुढे हेच कोडं असतं, मग विषय सिनेमाचा असो, कादंबरीकाराचा असो की चित्रकाराचा. 'अमुक यांची कारकीर्द: एक चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक ठरतं आणि मागोमाग पाच प्रकरणांत कालक्रमानं कलाकृतींचे सारांश येतात. समितीसमोर पहिला प्रश्न येतो, 'यात तुमचा प्रश्न काय आहे?' आणि तिथे गाडी अडते. म्हणून आज होंगची कारकीर्द घेऊन बघू, 'तेच तेच' या तक्रारीतून नीट प्रश्न कसा काढता येतो. या माणसाच्या कामाबद्दल माझं मत काय आहे, तेही लपवून ठेवणार नाही.

चरित्र थोडक्यात. जन्म 1960, सोल. घरचा चित्रपटनिर्मितीचा व्यवसाय. आधी सोलच्या चुंग-आंग विद्यापीठात, मग अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि शिकागोच्या कलाशाळांत शिक्षण. पहिला चित्रपट 'द डे अ पिग फेल इंटू द वेल', 1996. हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी बुसानचा चित्रपट महोत्सव सुरू झाला, किम की-डुकचा पहिला चित्रपट आला आणि कोरियाच्या संविधान न्यायालयानं चित्रपटांची पूर्व-सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. म्हणजे होंग आला तेव्हा दार नुकतंच उघडलं होतं. तेव्हापासून 2025 पर्यंत त्याचे तीसहून जास्त चित्रपट झालेत. एवढ्या काळात एवढे! यातून 'एकच सिनेमा' वाटणं स्वाभाविक आहे, पण वाटणं हा पुरावा नव्हे.

पुरावा शोधायचा तर पुनरावृत्ती नेमकी कुठे होते ते बघावं लागतं. ती दोन ठिकाणी होते. एक, चित्रपटा-चित्रपटांमध्ये, जी सगळ्यांना दिसते. दुसरी एकाच चित्रपटाच्या आत, आणि माझ्या मते खरा माल तिथे आहे.

'द पॉवर ऑफ कांगवॉन प्रॉव्हिन्स' (1998) घ्या. पहिल्या भागात एक विद्यार्थिनी मैत्रिणींबरोबर कांगवॉनच्या डोंगराळ भागात सहलीला जाते. दुसऱ्या भागात एक विवाहित माणूस मित्राबरोबर तिथेच जातो. बराच वेळ गेल्यावर आपल्या लक्षात येतं की हे दोघं नुकतेच तुटलेले प्रेमी आहेत आणि दोघं एकाच वेळी तिथे होते. भेटत मात्र नाहीत. दुसरा भाग पाहताना आपण पहिला भाग मनात पुन्हा जुळवत बसतो. दुसऱ्यांदा दाखवलेली जागा पहिल्या वेळेचा अर्थ बदलून टाकते.

दोन वर्षांनी आलेला 'व्हर्जिन स्ट्रिप्ड बेअर बाय हर बॅचलर्स' तर संशोधन करणाऱ्यानं पाहायलाच हवा. कृष्णधवल. एका प्रेमप्रकरणाची हकिकत दोनदा सांगितली जाते आणि दोन्ही वेळा तपशील जुळत नाहीत. एकदा टेबलाखाली काटा पडतो, तर दुसऱ्यांदा तिथे चमचा असतो. कोण काय बोललं, कुणी पुढाकार घेतला, हेही सरकतं. परिचयांमध्ये याचं सोपं स्पष्टीकरण मिळतं: पहिली आवृत्ती त्याची आठवण, दुसरी तिची. पण चित्रपट असं कुठेही म्हणत नाही. निवेदन नाही, 'तिला आठवलं' असं सुचवणारी खूण नाही. ते स्पष्टीकरण प्रेक्षकानं स्वतःच्या सोयीसाठी आणलेलं आहे, आणि एकदा छापून आलं की पुढचे लेखक ते चित्रपटातलंच समजून उचलतात. लिटरेचर रिव्ह्यू करताना असली वाक्यं वेगळी काढायची सवय लावून घ्या. कृतीत काय आहे आणि कृतीबद्दल काय बोललं गेलंय, यांतली रेघ पुसली की प्रबंधाचा पाया भुसभुशीत होतो.

आता 'राइट नाऊ, राँग देन' (2015). लोकार्नोला याला गोल्डन लेपर्ड मिळालं. हाम नावाचा दिग्दर्शक सुवॉन शहरात आपल्या चित्रपटाच्या खेळासाठी येतो, पण एक दिवस आधी. जुन्या राजवाड्यात त्याला ही-जंग नावाची चित्रकार भेटते. कॉफी, मग तिचा स्टुडिओ, मग सुशीच्या दुकानात भरपूर सोजू, मग तिच्या ओळखीच्यांकडे जाणं. दिवस संपतो, आणि मग चित्रपट शीर्षकासकट पुन्हा सुरू होतो. तोच दिवस आणि त्याच जागा.

बदलतं काय? पहिल्या वेळी स्टुडिओत हाम तिच्या चित्राची तोंड भरून स्तुती करतो. नंतर मित्रमंडळींत कळतं की हेच शब्द तो मुलाखतींत नेहमी वापरतो, आणि तो विवाहित असल्याचंही तिथेच बाहेर येतं. तिचा चेहरा उतरतो. दुसऱ्या वेळी तो चित्राबद्दल परखड बोलतो. ती चिडते, भांडण होतं. मग दुकानात, दारू चढलेली असताना, आपलं लग्न झालंय हे तो स्वतःच सांगून टाकतो, रडतो. पुढे तर मूर्खपणाचा कळस करतो, तिच्या मैत्रिणींसमोर कपडे काढतो. आणि तरी दुसरा दिवस पहिल्यापेक्षा चांगला संपतो. पहिल्या भागात हामचं मनोगत ऐकू येतं, दुसऱ्यात ते नाही, म्हणजे आपणही त्याच्या डोक्यातून बाहेर पडून त्याच्याकडे बघायला लागतो.

'खरं बोला, भलं होईल' असा याचा धडा काढणं सोपं आहे. मला ते पटत नाही. खरं बोलणारा हाम स्वतःवर जास्त खूश आहे, एवढंच नक्की सांगता येतं. शिवाय दुसऱ्या भागाची गोडी पहिल्या भागामुळे आहे. नुसता दुसरा भाग दाखवला असता तर एक बरा, थोडा विचित्र प्रेमपट झाला असता. पहिला बाजूला आहे म्हणून आपण प्रत्येक वाक्याकडे कान देतो: आता काय म्हणेल? मागच्या वेळी इथेच घसरला होता. होंगनं पहिला भाग चित्रित करून, संकलित करून नटांना दाखवला आणि मग दुसरा चित्रित केला. नटांनाही मागची फेरी माहीत होती.

प्रयोगशाळेतल्या मित्रांना हे ओळखीचं वाटेल: बाकी सगळं स्थिर ठेवायचं, एक गोष्ट हलवायची, फरक मोजायचा. 'ओकीज मूव्ही' (2010) मध्ये तर पात्रानंच हे करून दाखवलंय. ओकी ही चित्रपटाची विद्यार्थिनी एका वयस्कर माणसाबरोबर आणि एका तरुणाबरोबर, वेगवेगळ्या वेळी, एकाच डोंगरावर फिरायला गेलेली असते. शेवटच्या भागात ती या दोन फेऱ्या शेजारी शेजारी ठेवते. इथे याच्याबरोबर आले तेव्हा असं झालं, त्याच्याबरोबर आले तेव्हा तसं. निष्कर्ष काढायची तिला घाई नाही. माझ्या मते होंगच्या सगळ्या कामाची किल्ली या वीसेक मिनिटांत आहे, आणि ती त्यानं एका मुलीच्या हातात दिलीये.

मग प्रश्न असा बनतो: ही तुलना करण्याची सवय आली कुठून? स्वभावातून, असं म्हणून सुटता येतं. पण कारकिर्दीचा अभ्यास करताना 'स्वभाव' हे उत्तर शेवटी ठेवावं, आधी कामाची व्यवस्था बघावी. होंगचे सुरुवातीचे चित्रपट बाहेरच्या निर्मात्यांच्या पैशांवर झाले. 'वुमन इज द फ्यूचर ऑफ मॅन' (2004) ला फ्रान्सच्या एमके-टू कंपनीची साथ होती आणि तो कानच्या स्पर्धेत होता. पुढच्याच वर्षी 'टेल ऑफ सिनेमा'पासून त्यानं जॉनवॉन्सा ही स्वतःची निर्मितीसंस्था चालवायला घेतली. नंतर बजेट आक्रसत गेलं, माणसं कमी होत गेली. अलीकडे, 'इंट्रोडक्शन' (2021) पासून, लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, संगीत सगळं एकाच नावावर दिसतं. आधी जागा आणि नट ठरतात. त्या दिवशीचे प्रसंग तो त्याच सकाळी लिहितो आणि पानं नटांच्या हातात देतो.

या पद्धतीत सेट, वेशभूषा, गर्दी, पाठलाग असलं काही परवडत नाही. परवडतं ते टेबल, दोन माणसं आणि वेळ. थोडक्या वस्तू पुन्हा पुन्हा वापरायच्या तर त्यांच्यातले फरक हेच कथानक होणार. म्हणजे ज्याला आपण शैली म्हणतो, ती बरीचशी निर्मितीच्या हिशेबातून उगवली आहे. इथे संशोधकाला एक व्यावहारिक अडचणही आहे. पटकथा आधी नसते, त्यामुळे 'मूळ पटकथा आणि चित्रपट' अशी तुलना इथे लागू पडत नाही. तुमचं प्राथमिक साधन म्हणजे चित्रपटच.

पण थांबा, हे आर्थिक स्पष्टीकरणही सरसकट लावू नका. त्याचा प्रसिद्ध झूम बघा. चाललेल्या संवादात कॅमेरा अचानक, जरा ओबडधोबडपणे, एखाद्या चेहऱ्याजवळ जातो, परत मागे येतो. हा झूम 'टेल ऑफ सिनेमा'त, म्हणजे 2005 ला पहिल्यांदा आला, तेव्हा 'पैसे वाचवायला झूम' असं म्हणायचा मोह होतो. वेगवेगळ्या कोनांतून शॉट घ्यायला वेळ लागतो, झूमनं काम भागतं, वगैरे. मात्र त्याआधीच्या चित्रपटांत तो लांबलचक, स्थिर, न तोडलेले शॉट घेतच होता, आणि त्यापेक्षा स्वस्त काहीच नाही. पैसेच वाचवायचे तर झूमची गरज नव्हती. त्यानं मुलाखतींत दिलेलं कारण साधं आहे: शॉट न तोडता जवळ जायचं होतं. स्वस्ताईमुळे काय शक्य होतं आणि दिग्दर्शकानं काय निवडलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात दोन्हींना वेगळी जागा हवी.

आता 'स्वतंत्र' या शब्दाकडे. आपण तो फार ढिलाईनं वापरतो. स्वतंत्र कशापासून? 1998 ला सोलमध्ये सीजीव्हीचं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं आणि पुढच्या दशकात कोरियन सिनेमा मोठ्या कंपन्यांचा धंदा झाला. 2006 ला बोंग जून-होच्या 'द होस्ट'ची 1 कोटी 30 लाखांच्या आसपास तिकिटं विकली गेली. त्याच वर्षी होंगचा 'वुमन ऑन द बीच' आला, समुद्रकिनाऱ्यावर चार माणसांचा. फेब्रुवारी 2020 मध्ये 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं आणि महिना संपता संपता 'द वुमन हू रॅन'साठी होंगला बर्लिनला उत्कृष्ट दिग्दर्शकाचं रौप्य अस्वल मिळालं. पुढच्या दोन वर्षांत पटकथेचं आणि ग्रँड ज्यूरीचं असे आणखी दोन सन्मान तिथेच. तेव्हा मल्टिप्लेक्सच्या धंद्यापासून तो स्वतंत्र आहे हे कबूल. पण युरोपातले महोत्सव, तिथले वितरक आणि विद्यापीठातली अध्यापकी (तो सोलच्या कोन्कुक विद्यापीठात शिकवत आलाय) यांच्यावर तो अवलंबून आहे. त्याच्या पडद्यावर दिग्दर्शक, प्राध्यापक आणि महोत्सवांचे पाहुणे एवढे का येतात, याचं उत्तर इथेही शोधता येईल.

आणखी एक सापळा आहे. 2015 नंतर किम मिन-ही ही त्याची प्रमुख अभिनेत्री झाली. मार्च 2017 मध्ये दोघांनी पत्रकारांसमोर आपले संबंध मान्य केले, तेव्हा होंग विवाहित होता, आणि कोरियात मोठा गदारोळ झाला. 'ऑन द बीच ॲट नाइट अलोन'मध्ये विवाहित दिग्दर्शकाशी संबंध असलेली अभिनेत्री आहे आणि त्या भूमिकेसाठी किमला बर्लिनला पुरस्कार मिळाला. झालं, तेव्हापासून लेखांमधून कारकिर्दीचे दोन तुकडे पाडले जातात: किमच्या आधीचा होंग आणि नंतरचा. आधी पुरुषांचे चित्रपट, नंतर बाईचे.

तपासून बघा, हे टिकत नाही. विवाहित पुरुष आणि चोरटी प्रकरणं त्याच्या चित्रपटांत 1996 पासून आहेत, तेव्हा चरित्रातल्या घटनेला त्यांचं कारण ठरवता येत नाही. बाई केंद्रस्थानी येणं म्हणाल तर ओकी 2010 ची, 'नोबडीज डॉटर हेवॉन' आणि 'अवर सनही' 2013 चे. खरा बदल मला त्यानंतर दिसतो, आणि तो वेगळाच आहे. वासना ओसरते, वय आणि मरण आत येतं. 'होटेल बाय द रिव्हर' (2018) मधला म्हातारा कवी आपण मरणार या भावनेनं मुलांना बोलावून घेतो. 'इन फ्रंट ऑफ युवर फेस' (2021) मध्ये ली ह्ये-यंगनं आजारी अभिनेत्री उभी केलीये, ती बघताना तर दारूचं टेबल पहिल्यांदाच निरोपाचं टेबल वाटतं.

तरी चरित्र पूर्ण बाहेर ठेवा असंही म्हणणार नाही. पार्क चान-वूकच्या 'द हँडमेडन' (2016) नंतर किम मिन-ही फक्त होंगच्याच चित्रपटांत दिसली आहे. आणि 'द नॉव्हेलिस्ट्स फिल्म' (2022) मध्ये एक प्रसंग आहे: काम थांबवलेल्या अभिनेत्रीला, जी भूमिका किमनंच केलीये, एक दिग्दर्शक म्हणतो की तुझी प्रतिभा वाया जातेय. त्यावर लेखिका उसळते, ती काय शाळकरी मूल आहे का, तिचं आयुष्य ती बघेल, अशा अर्थाचं सुनावते. प्रसंग चांगला आहे, ली ह्ये-यंग जबरदस्त आहे. पण हे उत्तर लिहिणारा होंग आहे, आणि ते अभिनेत्री स्वतः देत नाही, दुसरं पात्र तिच्या वतीनं देतं. मला इथे खटकतं. स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतंय, हा प्रश्न चित्रपट स्वतःच दारात आणतो आणि मग फार पटकन मिटवून टाकतो. 'स्वतंत्र दिग्दर्शक' यावर काम करणार असाल तर नट आणि तंत्रज्ञ यांच्या बाजूनं एक प्रकरण लिहाच.

एक गोष्ट आपल्याला इंग्रजी वाचकापेक्षा सोपी जाते. कोरियनमध्ये समोरच्याशी कुठल्या पातळीवर बोलायचं हे क्रियापदाच्या शेवटावर ठरतं. सभ्य बोलण्यात वाक्याअखेर 'यो' ऐकू येतो, जवळिकीत तो गळतो. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळं 'यू' होऊन सपाट होतं. तुम्ही-आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्यातली धाकधूक जाणतो: कोण आधी येणार, दुसऱ्याला आवडेल का, सकाळी परत 'अहो' म्हणावं लागेल का. होंगच्या दारूच्या प्रसंगांत अर्धं नाट्य याचंच असतं. म्हणून भाषेचा छोटासा कोर्स तरी करा, निदान 'यो' कानाला कळेल इतका. सबटायटलवर विसंबून 'संवादांची पुनरावृत्ती' असं प्रकरण लिहिणं धोक्याचं आहे, कारण पुनरावृत्ती वाटणाऱ्या दोन वाक्यांत नातं बदललेलं असू शकतं.

आणि सगळेच चित्रपट सारखे चांगले नाहीत, हेही बोलायला हवं. भक्तिभावानं लिहिलेला प्रबंध व्हायवात पहिल्या फटक्याला उघडा पडतो. 2016 च्या महोत्सवाच्या धामधुमीत कानमध्येच चित्रित केलेला 'क्लेअर्स कॅमेरा' मला पातळ वाटतो. फोटो काढल्यावर माणूस आधीचा राहत नाही, ही कल्पना त्यात इसाबेल यूपेरच्या तोंडून सांगितली जाते, पण पडद्यावर घडताना दिसत नाही. तीच यूपेर 'इन अनदर कंट्री' (2012) मध्ये एकाच किनाऱ्यावर तीन वेगवेगळ्या ॲन होते, दर वेळी त्याच जीवरक्षकाला भेटते, आणि दर वेळी दीपगृह शोधत असते. तिथे सांगावं लागत नाही, दिसतं. माझी कसोटी एवढीच आहे: दुसऱ्यांदा आलेली गोष्ट पहिलीला काही करते का? करत असेल तर ती तुलना, नसेल तर नुसती सवय. या कसोटीवर होंगचे मोजकेच चित्रपट पडतात, पण पडतात.

'इन वॉटर' (2023) या कसोटीत कुठे बसवायचा हे मात्र अजून कुणी मला पटेल असं सांगितलेलं नाही. एकसष्ट मिनिटांचा चित्रपट, जेजू बेटावर लघुपट काढायला आलेली तीन तरुण मुलं, आणि बहुतेक शॉट मुद्दाम धूसर ठेवलेले. चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे झूमही निरुपयोगी. इतकी वर्षं बारीक फरक बघायला शिकवलं आणि आता बघायचं साधनच काढून घेतलं. सिनॉप्सिससाठी प्रश्न हवा असेल तर हा घ्या, आणि आधी 'राइट नाऊ, राँग देन'मधला सुशीच्या दुकानातला प्रसंग दोन्ही भागांतून काढून, सबटायटल बंद करून, लागोपाठ ऐका.